टिकली लावली तरी मीटर उतरतोच : सोलापुरातल्या एका रेडिएशन-चकतीची तपासणी

मावशींनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सायन्स शिकवता ना? मग एवढं बघून सांगा की. हे खरंच चालतंय का?"

कव्हरच्या आत, फोनच्या पाठीला, नाण्यापेक्षा थोडी मोठी सोनेरी चकती चिकटवलेली होती. वर्तुळात वर्तुळं आणि मधोमध ढालीचं चित्र. फोनचं रेडिएशन अडवते, असं सांगून विकलेली. किंमत ६०० रुपये. मावशींच्या बचत गटातल्या २२ जणींनी ती एकाच बैठकीत घेतली होती. अक्कलकोट रोडच्या बाजूच्या या वस्तीत बहुतेक जणी शाळेच्या गणवेशांची शिलाई पीसवर करतात. सोलापूरचे युनिफॉर्म दूरदूरच्या राज्यांत जातात, त्यातले कितीतरी अशाच पत्र्याच्या खोल्यांतून शिवून निघतात. पीसवर शिवणारी बाई ६०० रुपये सहज काढून देत नाही. तिला तशी भीती घातली गेली असेल तरच देते.

आणि भीती नेमकी जागा बघून घातली होती. मावशींची लेक सातव्या महिन्यात माहेरी आली होती. विक्रेत्याने तिच्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ताई, फोन पोटापाशी ठेवता का?" मग तिच्यासाठी म्हणून काळ्या दगडाचं एक पेंडंट वेगळं विकलं, १५०० रुपयांना. एकूण १४,७०० रुपये त्या एका दुपारी गटातून गेले.

हे प्रकरण मी नीट लिहून ठेवते आहे, कारण अशी चकती घेणाऱ्या बायका भोळ्या असतात असं म्हणून पुष्कळजण मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्यांनी डोळ्यांनी मीटर उतरताना पाहिला होता. आणि मीटर खरंच उतरला होता.

त्या दुपारी काय दाखवलं गेलं

मी पाच जणींना वेगवेगळं बसवून विचारलं. क्रम सगळ्यांचा जुळला. विक्रेत्याकडे हातात मावेल एवढा मीटर होता, हिरवा-पिवळा-लाल दिवा असलेला. त्याने एकीला फोन लावायला सांगितलं. रिंग जायला लागताच मीटर फोनपाशी धरला. लाल दिवा, पीं पीं आवाज. "हे सगळं डोक्यात जातंय." मग फोन हातात घेतला, सावकाश चकती सोलली, चिकटवली, बोटाने दाबली, पुन्हा मीटर धरला. हिरवा.

दुसरा प्रयोग हाताचा. बाईने एक हात आडवा ताठ धरायचा, दुसऱ्या हातात फोन घ्यायचा. त्याने मनगट दाबलं की हात खाली. चकती लावून दाबलं की हात तसाच ताठ. "बघा, शरीराला कळतं."

शेवटी प्लास्टिकच्या पाकिटातले तीन कागद फिरवले. लॅब रिपोर्ट, असं तो म्हणाला.

आधी त्याचाच प्रयोग, जसाच्या तसा

आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांकडे अशाच जातीचा मीटर होता. विद्युत क्षेत्र, चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी अशी तीन बटणं. पुढच्या बैठकीत मी तो घेऊन गेले. फोन लावला, मीटर लाल झाला. चकती लावली, मीटर उतरला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मग चकती काढली, फोन पुन्हा लावला. लाल. आता मी मावशींकडे एक टिकली मागितली. त्यांनी आरशाला लावलेली मरून टिकली काढून दिली. ती फोनच्या पाठीला लावली, बोटाने दाबली, मीटर धरला. हिरवा.

तिसऱ्या वेळी काहीच लावलं नाही. फोन नुसता हातात धरून तेवढाच वेळ थांबलो. तरी हिरवा.

खोलीत एकदम शांतता झाली. मग एकजण म्हणाली, "म्हणजे तो आपोआपच उतरतो की हो मॅडम."

तसंच आहे. फोन सगळा वेळ सारख्याच जोराने लहरी सोडत नाही. कॉल जोडताना तो टॉवरला हाक मारतो. किती जोर पुरेल हे अजून ठरलेलं नसतं, म्हणून ही पहिली हाक मोठी असते. कॉल लागला की टॉवर त्याला सांगतो, एवढं पुरे, आवाज कमी कर. ही सूचना एकदाच येऊन थांबत नाही. थ्रीजीत तर सेकंदाला १५०० वेळा जोर कमी-जास्त करण्याची सोय होती. टूजीतला फोन ९०० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त २ वॅटचा ठोका देऊ शकतो, पण वेळेच्या आठ कप्प्यांतल्या एकाच कप्प्यात, म्हणून सरासरी पाव वॅट. फोरजीच्या फोनची नेहमीची कमाल ०.२ वॅट. रेंज चांगली असेल तर प्रत्यक्षात तो याच्या कितीतरी खाली चालतो. शिवाय आपण गप्प असलो की पाठवण्यासारखं फारसं नसतं आणि लहरीही कमी होतात. विक्रेता चकती चिकटवत होता तेव्हा सगळे श्वास रोखून गप्प बसले होते.

चकती सावकाश सोलण्यात गेलेले ते दहा-पंधरा सेकंद हाच त्या प्रयोगाचा गाभा होता. त्याला हे माहीत होतं की नव्हतं, हे मी सांगू शकत नाही. त्याचा स्वतःचाही विश्वास असू शकतो.

हाताच्या प्रयोगाला फार वेळ दिला नाही. चकती आणि टिकली दोन सारख्या बंद पाकिटांत ठेवली, कुठल्यात काय हे दाबणारीलाही माहीत नाही आणि दाबून घेणारीलाही नाही. हात कधी पडला, कधी राहिला, पाकिटाशी त्याचा काही मेळ बसला नाही. दुसऱ्यांदा दाबणार हे कळलं की माणूस आपोआप खांदा घट्ट करतो. दाबणाऱ्याने बोटं मनगटाऐवजी कोपराकडे चार इंच सरकवली तरी तेवढ्याच दाबाचा खांद्यावर भार कमी पडतो. पाटीवरच्या तरफेचं गणित आहे ते.

चोवीस फेऱ्या

टिकलीने विक्रेत्याचा प्रयोग खोटा ठरला, चकती खोटी ठरली नव्हती. चुकीच्या रीतीने दाखवलेली वस्तू बरोबरही असू शकते. हे मी बायकांना सांगितलं तेव्हा मावशींच्या पुतण्याने, तो बारावीला आहे, विचारलं, "मग बरोबर रीत कोणती?" पुढची सगळी आखणी त्याच्या त्या प्रश्नातून झाली.

पत्र्याच्या खोलीत मोजायचं नाही हे आधी ठरवलं. पत्र्यावरून लहरी परततात, माणूस दोन पावलं सरकला तरी आकडा बदलतो. वस्तीतल्या समाजमंदिराचा हॉल घेतला. वेळ सकाळी सहाची, कारण एप्रिलमध्ये सोलापुरात दहानंतर फोनच इतका तापतो की तो स्वतःचं काम आवरतं घेतो. प्लास्टिकच्या एका स्टुलावर फोन, दुसऱ्यावर मीटर, मधे ३० सेंटिमीटर. स्टुलांच्या पायांभोवती खडूने वर्तुळं. बाकी सगळ्यांचे फोन बंद करून बाहेरच्या पिशवीत. फोन पूर्ण वेळ बोलता राहावा म्हणून त्याच्याजवळ मावशींच्या सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर ठेवला आणि आकाशवाणी लावली. ब्लूटूथ स्पीकर चालला नसता. तो स्वतःच लहरी सोडतो. ट्रान्झिस्टर फक्त ऐकतो.

दोन सारखी काळी कव्हरं आणली. एकाच्या आत चकती, दुसऱ्याच्या आत तेवढ्याच जाडीचा पुठ्ठ्याचा गोल. पुतण्या पडद्याआड नाणं उडवायचा, छाप आली की चकतीचं कव्हर, काटा आला की पुठ्ठ्याचं, आणि आपल्या वहीत लिहायचा. मग बाहेर येऊन फोन स्टुलावर ठेवायचा आणि मागे भिंतीपाशी जाऊन उभा राहायचा. मी फोन लावायची, कॉल जोडल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायची आणि नंतरच्या अर्ध्या मिनिटातला आकडा माझ्या वहीत लिहायची. त्याची वही मी बघायची नाही, माझी त्याने बघायची नाही. अशा २४ फेऱ्या. नाण्याने १३ वेळा चकती दिली, ११ वेळा पुठ्ठा.

दोन वह्या एकत्र मांडल्या त्या मावशींच्या लेकीने, गरोदरपणाचं ओझं सांभाळत जमिनीवर पाय पसरून. तिला निकालात सगळ्यात जास्त रस होता. सगळ्यात मोठ्या चार आकड्यांपैकी दोन चकतीचे निघाले, दोन पुठ्ठ्याचे. सगळ्यात लहान चारांतही तसंच. चकतीच्याच दोन फेऱ्यांमध्ये तिप्पट फरक होता, आणि दोन गटांच्या मधल्या आकड्यांत बोट ठेवण्याजोगा फरक नव्हता. फक्त माझी वही हातात देऊन कुणी विचारलं असतं की यातल्या चकतीच्या फेऱ्या ओळखा, तर नाणं उडवण्यापेक्षा बरं उत्तर देता आलं नसतं.

या चाचणीची हद्दही तिथेच सगळ्यांना सांगितली. हा मीटर हवेतल्या लहरी मोजतो. डोक्यात किती शोषलं जातं ते मोजत नाही. ते मोजायची रीत वेगळी आहे. ठरलेल्या मापाच्या डोक्याचा पोकळ साचा असतो. त्यात मेंदूच्या ऊतींसारखे विद्युत गुणधर्म असलेला द्रव भरतात. काही वारंवारतांसाठी तो पाणी, साखर आणि मीठ यांच्यापासूनही बनवत आले आहेत. साच्याच्या गालाला फोन टेकवतात आणि टॉवरचं सोंग करणाऱ्या यंत्राकडून त्याला पूर्ण जोरावर धरून ठेवतात, म्हणजे मघाची कमी-जास्त होण्याची अडचण राहत नाही. मग यंत्रमानवाच्या हातातली बारीक सळई द्रवात जागोजागी फिरते. त्यातून एसएआर मिळतो, म्हणजे एक किलो ऊतीत दर सेकंदाला किती ऊर्जा शोषली जाते तो दर. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर १.६ वॅट प्रति किलो आहे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की बहुतेक फोन आपला आकडा दाखवतात. त्या सकाळी बावीसही जणींनी तो दाबून बघितला, आणि सगळ्यांचे आकडे मर्यादेच्या आत होते. चकती लावली म्हणून तो आकडा बदलत नाही, तो कारखान्यातल्या चाचणीचा असतो, हेही सांगावं लागलं, कारण विक्रेता म्हणे हाही आकडा दाखवत होता.

अशा साच्यावर चकत्यांची परीक्षा फार पूर्वी झालेली आहे. २००३ साली बायोइलेक्ट्रोमॅग्नेटिक्स या नियतकालिकात बाजारातल्या नऊ छोट्या शील्डची चाचणी प्रसिद्ध झाली. शोषण कमी करण्यात एकही उपयोगी ठरली नाही. ते संशोधक फोन बनवणाऱ्या कंपनीशी संबंधित होते, त्यामुळे शंका घेणाऱ्याने घ्यावी. पण त्याच्या आदल्या वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी शील्ड विकणाऱ्या दोन कंपन्यांवर खोट्या दाव्यांसाठी कारवाई केली. फोन विकण्याशी त्या आयोगाचं काही देणंघेणं नव्हतं. त्याचं म्हणणं साधं होतं. कानाजवळचा तुकडा झाकून उपयोग नाही, लहरी सगळ्या फोनमधून निघतात. आणि शील्डमुळे रेंज बिघडली तर फोन उलट जास्त जोर लावेल.

स्टीलचा डबा आणि फॉइल

हे शेवटचं वाक्य बायकांना पटायला जड गेलं. अडवलं तर जास्त कसं होईल? म्हणून तिसरा प्रयोग.

फोन स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि दुसऱ्या फोनवरून लावला. डब्यात रिंग वाजली. "स्टीलसुद्धा अडवत नाही?" स्टील अडवतं, झाकणाची फट अडवत नाही. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर आणि १८०० ची सुमारे १७. लहरीला बाहेर पडायला रुंद भोक लागतंच असं नाही, लांब बारीक फटसुद्धा तिला पुरते. डब्याच्या तोंडाभोवती तशी फट गोल फिरलेली असते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारावरच्या जाळीची भोकं मात्र दोन-एक मिलिमीटरची असतात, आतली लहर १२ सेंटिमीटरची, म्हणून ती अडते. इथे सगळ्यांना चकतीचं माप आठवलं. फोन साधारण १६ सेंटिमीटर लांब. कमी वारंवारतेच्या लहरींसाठी त्याचा सगळा सांगाडाच अँटेनासारखा वागतो. पाठीवरच्या अडीच सेंटिमीटरच्या चकतीने त्याला झाकायचं म्हणजे सिद्धेश्वर तलावावर एक चादर पसरून पाऊस अडवायचा.

मग पोळ्या गुंडाळायचं फॉइल घेतलं. सैल गुंडाळलं, वाजला. दुहेरी घेऊन कडा दुमडून घट्ट दाबल्या, तेव्हा "संपर्क क्षेत्राबाहेर" असं ऐकू आलं. खरं शील्ड असं दिसतं. त्यात फोन फोन राहत नाही.

शेवटी फॉइल फक्त पाठीला आणि खालच्या कडेला लावलं. कॉल चालू राहिला. सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत रेंजचा आकडा डीबीएम या एककात दिसतो, उणे आकडा जितका मोठा तितकी रेंज कमी. फॉइलआधी तो उणे ९१ होता, नंतर उणे १०३. बारा डेसिबल, म्हणजे टॉवरकडून येणारी लहर सुमारे सोळापट क्षीण. येणारी क्षीण झाली तशी जाणारीही होते. टॉवर म्हणतो, ऐकू येत नाही, मोठ्याने बोल. आणि फोन मोठ्याने बोलतो, मोकळ्या राहिलेल्या बाजूने, जिथे कान असतो.

पत्र्याच्या खोलीत रेंज कमी असते तेव्हाही हेच होतं. मशीनपाशी बसून बोलण्यापेक्षा दारात येऊन बोललं तर फोनचं काम हलकं होतं. वस्तीतल्या काही जणींनी दोन वर्षांपूर्वी जवळचा टॉवर काढा म्हणून सह्या केल्या होत्या. त्यांची काळजी मी हसण्यावारी नेली नाही. टॉवरसाठीही भारतात २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू आहे, ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर शुल्क भरून एखाद्या टॉवरची मोजणी मागता येते. पण टॉवर दूर गेला की कानाजवळचा फोन जास्त जोर लावतो, हे त्या सह्यांच्या कागदावर कुणी लिहिलं नव्हतं.

तीन कागद

रिपोर्टच्या झेरॉक्स मावशींनी मागून घेतल्या होत्या. ते शहाणपण पुढे फार कामी आलं.

पहिल्या कागदावर "९९ टक्के" असं मोठ्या अक्षरात. बारकाईने वाचलं तर ती एका धातूमिश्रित कापडाच्या ताग्याची चाचणी होती. कापडाचा तुकडा दोन यंत्रांच्या मधे घट्ट धरून किती लहर पलीकडे जाते ते मोजलेलं. फोनचा त्यात उल्लेख नाही, चकतीचाही नाही. ताग्याची चाचणी आणि त्याचा अडीच सेंटिमीटरचा तुकडा फोनला लावून वापरणं यांत फार अंतर आहे. शिलाई करणाऱ्या बायकांना हे क्षणात कळलं. कापड चांगलं असलं तरी बाहीएवढ्या तुकड्याचा सदरा होत नाही, असं एकजण म्हणाली.

दुसरा कागद आयएसओ ९००१ चा. ते प्रमाणपत्र संस्थेच्या कामाच्या पद्धतीला मिळतं, वस्तू काय करते याला नाही. तिसऱ्यावर मानवी देहाभोवती रंगीत वलयं असलेला फोटो, चकतीआधीचा आणि नंतरचा. त्यावर मोजमाप कुठलंच नव्हतं.

अशा वस्तूंची रूपं बदलत असतात. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये साडेतीनशे पौंडांच्या घरात विकली जाणारी एक "फाइव्ह-जी रोधक" वस्तू तपासणाऱ्यांनी उघडली तेव्हा आत १२८ एमबीचा साधा पेनड्राइव्ह निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्याकडे राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली चिप फोनचं रेडिएशन कमी करते असं जाहीर सांगितलं, आणि सहाशेच्या वर शास्त्रज्ञांनी पत्र लिहून पुरावा मागितला. मी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं होतं. पुरावा मागणं हा अपमान नसतो, हे मुलांना त्या दिवशी सांगताना मला स्वतःलाच बळ आल्यासारखं झालं होतं.

पेंडंटने मात्र माझी झोप उडवली. चकतीने फार तर पैसे जातात. पण "ऋण आयन सोडणारं" असं त्या पाकिटावर लिहिलं होतं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशाच दहा वस्तूंमध्ये किरणोत्सर्गी द्रव्य सापडल्याचं जाहीर केलं होतं. पेंडंट, ब्रेसलेट, झोपताना लावायची पट्टी. ज्या लहरींची भीती घालून त्या विकल्या, त्या लहरी पेशीतले बंध तोडू शकत नाहीत. वस्तूतून निघणारे किरण मात्र ते करू शकतात. सातव्या महिन्यातली मुलगी तो दगड छातीवर घालून झोपत होती. मी फोनवरच सांगितलं, आत्ता काढ, फोडू नको, डबीत बंद करून माळ्यावर ठेव. दुसऱ्या दिवशी सीनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या गायगर-म्युलर काउंटरसमोर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रासमोर, ते पेंडंट ठेवलं. दहा दहा मिनिटं, आधी रिकामं, मग पेंडंटसह, असं तीनदा. आकडे पार्श्वभूमीइतकेच आले. मावशींना फोन करून हे सांगताना माझा आवाज कापत होता.

ब्लाउजमधला फोन

चकती काम करत नाही एवढं सांगून मला उठून जाता आलं नसतं. काळजी मुळात खोटी नव्हती, तिला नीट उत्तर मिळायला हवं होतं.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना "कदाचित कर्करोगकारक" या २-ब गटात घातलं. विक्रेता हे सांगतो तेव्हा खरं सांगतो. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित, आणखी शोध हवा. तो शोध नंतर होत राहिला. २०२४ मध्ये संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास एकत्र तपासले गेले आणि मोबाइल वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. हे विक्रेता सांगत नाही. बोलता बोलता कान तापतो, ती ऊब बहुतेक बॅटरीची, स्क्रीनची आणि हवा न लागलेल्या कानाची असते, हेही तो सांगत नाही.

तरीही कुणाला कमी करायचं असेल तर कमी करता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. अंतर वाढलं की शोषण झपाट्याने उतरतं. स्पीकरवर बोला, वायरचे इयरफोन लावा, रेंज दोन काड्यांवर असेल तर लांबलचक गप्पा पुढे ढकला.

खरी अडचण वेगळीच होती. शिवताना दोन्ही हात अडकलेले, म्हणून फोन ब्लाउजमध्ये. बावीसपैकी बहुतेकींचा तिथेच. अंगाजवळच्या वापराची एसएआर चाचणी अनेक फोनच्या बाबतीत मधे काही मिलिमीटर अंतर सोडून होते, आणि तसं माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. कातडीला टेकलेला फोन त्या चाचणीत बसत नाही. आणि चकती घेतल्यापासून काय झालं होतं? ज्या दोघी-तिघी आधी फोन बाजूला ठेवायच्या त्याही बिनघोर ब्लाउजमध्ये ठेवायला लागल्या होत्या. मावशींची लेक आधी फोन खिडकीत ठेवून झोपायची, आता उशीखाली घेत होती. "चकती आहे ना," ती म्हणाली. सहाशे रुपये देऊन तिने आपलं अंतर विकलं होतं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग या एका गोष्टीचा आला आणि अजून आहे.

उपाय त्यांनीच काढला. गणवेशाच्या उरलेल्या तुकड्यांची छोटी पिशवी, मशीनच्या डाव्या बाजूला खिळ्याला टांगलेली, तोंड उघडं. वाजला की दिसतो, हात पुसून स्पीकरवर घेता येतो.

पैशांचं काय झालं

विक्रेत्याने पक्कं बिल दिलं नव्हतं. नंबर लागत होता, पण "प्रॉडक्ट शंभर टक्के चालतं" याच्या पुढे बोलणं जात नव्हतं. आम्ही एक पानाचं पत्र लिहिलं. काय दावा केला, कुणासमोर, किती रुपये, दोन वह्यांचे आकडे, तीन कागदांच्या झेरॉक्स. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, एवढी दोन वाक्यं शेवटी घातली. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

बावीसपैकी नऊ जणींनी चकतीचे पैसे यूपीआयने दिले होते. त्यांच्याकडे तारीख, वेळ, खात्याचं नाव, सगळं होतं. तीन आठवड्यांत त्या नऊ जणींचे ५,४०० रुपये परत आले, न बोलता, न फोन करता. उरलेल्या तेरा जणींनी आणि पेंडंटसाठी मावशींनी रोख दिली होती. त्यांच्याबाबत उत्तर आलं, "पुरावा दाखवा."

पुरावा म्हणून बावीसही चकत्या आम्ही फोनवरून काढून एका लिफाफ्यात ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर नाव आणि क्रमांक घालून. पेंडंट वेगळ्या डबीत. बैठकीच्या नोंदवहीत त्या दुपारची हजेरी आहे आणि खाली मावशींच्या अक्षरात "रेडिएशनची माहिती व विक्री" अशी ओळ. नऊ जणींचे पैसे परत केल्याची नोंदही आता आमच्या बाजूची आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. तेरा जणींची एकत्र तक्रार लिहून झाली आहे. मावशींच्या लेकीला मुलगी झाली, चाळीस दिवस झाले की सह्यांना बसायचं ठरलं आहे. पुतण्याने दोन्ही वह्यांच्या झेरॉक्स काढून आणल्या आहेत, दोन प्रती.